संक्रांत काळं नेसून आली त्या वर्षी

संक्रांत ही एक बाई आहे, हे माहेरी पोशीरला असेपर्यंत मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे संक्रांत म्हणजे नव्या तांदळाची खिचडी, वालाच्या शेंगा घातलेली भोगीची भाजी, गुळाची पोळी आणि ऊस दातांनी सोलता सोलता सोलवटलेले ओठ. भात झोडून कणग्यांत भरलेलं असायचं, बैल बसून खायचे आणि माणसंही जवळजवळ तेच करायची. त्यात कुणी बाई कुठून येते आणि कुठे जाते, याची चौकशी करायला वेळ कुणाला होता!

सासर कर्जतचं. तिथे मात्र संक्रांतीचा थाट मोठा. ती दरसाल निराळ्या वाहनावर बसून येते, शिवाय सोबत एक उपवाहन. अंगावर ठरावीक रंगाचं वस्त्र, हातात शस्त्र, कपाळाला टिळा, तोंडात काहीतरी चाललेलं. येते एका दिशेकडून, जाते दुसरीकडे आणि बघते भलत्याच तिसरीकडे. हे सगळं पंचांगात लिहिलेलं असतं. ती जे नेसते ते आपण त्या वर्षी नेसायचं नाही, जे खाते ते खायचं नाही आणि जिकडे बघते तिकडे आपला कुणी नातेवाईक राहत असला तर त्याची खुशाली विचारून घ्यायची. एका वर्षी म्हणे ती दही खात आली होती. तेव्हा आमच्या सासूबाईंनी घरातलं दही बंद केलं आणि सगळ्यांना ताकावर ठेवलं. ताक म्हणजे दही नव्हे, असं त्यांचं म्हणणं. सासरे कचेरीत कारकून होते, कायदेकानू जाणणारे होते, पण या मुद्द्यावर त्यांनीसुद्धा वाद घातला नाही.

सासूबाईंना हसावं असं मात्र कुणाच्या मनात यायचं नाही. त्या उंच, हडकुळ्या आणि मितभाषी होत्या. थोरले दीर रेल्वेत होते. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला जादा इंजिन लावतात, त्या इंजिनावर त्यांची नोकरी. गाडी घाटात गेली की सासूबाईंचा जीवही तिच्यामागून घाटात जायचा आणि इंजिन परत आल्याची शिट्टी ऐकली की घरी परतायचा. अशा बाईनं पंचांगाला भ्यायचं नाही तर कुणाला? धाकटे, म्हणजे आमचे हे, पुण्याला शिकायला होते. त्यांचा या गोष्टीशी काही संबंध नाही, तेव्हा त्यांना तिथेच राहू दे.

माझं लग्न झालं त्या वर्षीची ही हकिगत आहे. नव्या सुनेची पहिली संक्रांत म्हणजे काय असतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा भाग गाळून पुढे जावं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या दिवशी सुनेला काळी चंद्रकळा नेसवतात आणि डोक्यापासून मनगटापर्यंत हलव्याचे दागिने घालतात. ठुशी, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, बिंदी, नथ, सगळं पांढऱ्याशुभ्र काटेरी हलव्याचं. मग तिला पाटावर बसवून आळीतल्या बायका हळदीकुंकू लावतात, ओटी भरतात. काळ्यावर तो पांढरा हलवा असा काही खुलतो की काळीसावळी मुलगीसुद्धा उजळ दिसते. मी काळीसावळीच होते. त्यामुळे या दिवसावर माझी किती भिस्त होती, ते वेगळं सांगायला नको.

आणि हे सगळं फक्त पहिल्या वर्षी. दुसऱ्या संक्रांतीला सून जुनी झालेली असते, तिनं स्वयंपाकघरात गुळाच्या पोळ्या लाटायच्या.

ही गोष्ट माझ्या जाऊबाईंहून अधिक कुणाला कळत नव्हती. थोरली सून म्हणून त्या माझ्या आधी काही वर्षं या घरात आलेल्या. त्यांचं लग्न झालं त्याच वर्षी घरात आजेसासूबाई वारल्या. वर्षभर सण नाही. हलवा नाही, चंद्रकळा नाही, पाटावर बसणं नाही. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी करू." पुढच्या वर्षी पहिली संक्रांत कशी करणार? ती दुसरी झाली. शिवाय तोवर जाऊबाईंच्या पोटात माझी पुतणी होती आणि नववधूचा मान संपलाच होता. विषय तिथेच मिटला. जाऊबाई त्याबद्दल कधी बोलत नसत. मला हे सगळं शेजारच्या वकीलीणबाईंकडून कळलं. आळीतलं काहीही माणसाला वकीलीणबाईंकडूनच कळायचं.

माझ्या दागिन्यांचा हलवा जाऊबाईंनी करायला घेतला. विकतचा पुण्याहून आणता आला असता, गाडी होतीच. पण जाऊबाई म्हणाल्या, "विकतच्याला काटा बोथट असतो. धाकटीचे दागिने मी करणार." त्या मला धाकटे म्हणत. मी त्यांची धाकटी बहीण वाटावी इतक्या मायेनं म्हणत आणि मी त्यांची धाकटी बहीण असावी इतक्या हक्कानं कामाला लावत.

हलवा करणं म्हणजे नुसती चिकाटी. पौषात आमच्याकडे डोंगरावरून जी थंडी उतरते ती पहाटे उल्हासच्या काठी बसून राहते आणि उन्हं वर आली की निघून जाते. हलव्याला तीच थंडी लागते. जाऊबाईंचं सूत्र होतं: थंडी पडली तर काटा, ढग आले तर गोटा. म्हणून पहाटेच शेगडीवर पितळेची परात चढवायची. खाली निखारे, त्यांवर राखेचं पांघरूण, म्हणजे आच बेताची. परातीत तीळ. त्यांवर साखरेच्या पाकाचे थेंब सोडायचे आणि बोटांच्या टोकांनी ते तीळ फिरवत राहायचं. भराभर फिरवले तर काटा मोडतो, हळू फिरवले तर तीळ एकमेकांना चिकटून लाडू होतो. आणखी थेंब, आणखी फिरवणं. चार-पाच दिवस असं चाललं की तिळाभोवती साखरेचे बारीक काटे उभे राहतात.

हे सगळं वाचायला सोपं आहे. माझ्या हातून पहिल्या दिवशी जे झालं ते जाऊबाईंनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, "छान. हे गाडीखाली खडी म्हणून टाकायला तुझ्या भाऊजींकडे पाठवू." मग मला निखाऱ्यांना पंख्यानं वारा घालायला बसवलं. ते मला बरं जमे. बोलता बोलता जमे, हे महत्त्वाचं.

त्यांच्या बोटांची टोकं लाल होऊन फुगली होती. उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले. पुतणी परातीभोवती घुटमळायची. जाऊबाई तिला फुटका हलवा द्यायच्या, मलाही द्यायच्या, दारावर कुणी आलं तर त्यालाही द्यायच्या. एकदा मी विचारलं, "तुम्ही का नाही खात?" तर म्हणाल्या, "मला दात शिवशिवतात गं." मला ते खरं वाटलं. मला त्या वयात बरंच काही खरं वाटायचं.

हलव्याला काटा आला. असा आला की वकीलीणबाई मुद्दाम बघायला आल्या आणि काहीही नाव न ठेवता परत गेल्या, म्हणजे बघा. जाऊबाई सुईदोरा घेऊन दागिने ओवायला बसल्या. आधी ठुशी झाली, मग बांगड्या. सासऱ्यांनी दिवाळीनंतरच पुण्याहून चंद्रकळा आणून ठेवलेली होती, लालभडक काठांची. ती पेटीतून रोज एकदा काढून बघायची आणि परत ठेवायची, एवढंच माझं काम उरलं होतं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझं विघ्न एकच होतं, पण ते घोड्यावर बसून आलं.

संक्रांत आठवड्यावर आली तेव्हा जोशीबुवा पंचांग सांगायला आले. ओटीवर पाट मांडला, सासूबाई दाराआड बसल्या, आम्ही दोघी त्यांच्या मागे. जोशीबुवांचा आवाज खणखणीत, त्यातून मिळणाऱ्या तिळगुळाच्या आशेनं आणखी चढलेला. "यंदा संक्रांतीचं वाहन घोडा. उपवाहन सिंह. हातात भाला. चित्रान्न भक्षण करते आहे." इथवर ठीक होतं. घोडा काही आमच्याकडे नव्हता, सिंह तर नव्हताच. चित्रान्न म्हणजे काय हे कुणालाच धड माहीत नव्हतं, त्यामुळे ते सोडणं सोपं होतं. मग जोशीबुवांनी बोट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "वस्त्र काळं."

आम्ही तिघी गप्प. जोशीबुवांना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा मोठ्यानं सांगितलं, "काळं! कृष्णवस्त्र!"

सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "ऐकलं." त्यांनी तिळगूळ दिला, सुपारी दिली आणि जोशीबुवा गेले. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "चंद्रकळा नाही नेसवायची यंदा. कुंकवाचा प्रश्न आहे." आणि त्या आत निघून गेल्या. त्यावर काय बोलणार! घरातले दोन्ही मुलगे, त्यातला एक घाटात. कुंकवाचा प्रश्न म्हटल्यावर सून काय, सासरासुद्धा गप्प बसतो.

मी मात्र गप्प बसले नाही. मागच्या पडवीत जाऊन मनसोक्त रडले. सगळ्या जगात संक्रांतीला नेसायला दुसरा रंग मिळाला नाही का? लाल होता, पिवळा होता, हिरवा होता. काळा नेसून तिला कोण बघणार होतं, तिथे घोड्यावर? जाऊबाई येऊन शेजारी बसल्या. माझं रडणं संपेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "ऊठ. हिरव्यावर बघू."

बघितलं. माझ्या हिरव्या लुगड्यावर त्यांनी ठुशी धरली. अंगावर साबुदाण्याची खिचडी सांडल्यासारखी दिसली. पिवळ्यावर तर हलवा दिसेचना. लालावर दिसला, पण तो हलवा न वाटता लुगड्याला पुरळ आल्यासारखा वाटला. आम्ही दोघी हसायला लागलो आणि मग मी परत रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई चंद्रकळा घेऊन सरळ सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सासूबाई, मी काल उजेडात नीट बघितली. ही काळी नाहीच. गडद निळी आहे."

मी थक्क झाले. चंद्रकळा काळी होती. चुलीच्या मागची भिंत काळी असते, तशी काळी. पण जाऊबाईंचा चेहरा असा सरळ की मलाच माझ्या डोळ्यांची शंका आली. सासूबाईंनी लुगडं हातात घेतलं, खिडकीशी नेलं, उलटं केलं, सुलटं केलं. त्यांनाही ती निळी असायला हवी होती, हे मला त्या वेळीसुद्धा दिसलं. पण संक्रांतीला फसवायचं म्हणजे गंमत नव्हे. त्या म्हणाल्या, "मला कमी दिसतं. चार जणींना दाखवू."

चार जणींना दाखवायचं म्हणजे काय ते आमच्या आळीला विचारावं. भोगीच्या दिवशी सकाळी न्हाणंधुणं उरकून, केसांत अजून तीळ तसेच, सगळ्या आमच्या अंगणात हजर. चंद्रकळा तुळशीपाशी उन्हात पसरली. एक म्हणाली निळी, दुसरी म्हणाली काळी. तिसरी म्हणाली, घडी घातली तर काळी आणि पसरली तर निळी. चौथीनं आपलं काळं मांजर आणून शेजारी ठेवायची सूचना केली, पण मांजर सापडलं नाही. कुणी म्हणालं पाण्यात बुडवून बघा, निळी असली तर पाणी निळं होईल. जाऊबाईंनी झटकन लुगडं उचललं. "कोरं लुगडं पाण्यात घालता होय!" वकीलीणबाईंनी दोन्ही बाजूंनी बोलून घेतलं. घरात वकिली असल्यावर तेवढं येतंच. पण एकूण हिशेब पाहता पारडं निळ्याकडे झुकत चाललं होतं. बायकांना कळत होतं की प्रश्न लुगड्याचा नाही. पोरीची पहिली संक्रांत आहे, तेव्हा बघू या निळी म्हणून. मी तुळशीच्या कट्ट्याला धरून उभी होते आणि प्रत्येक निळीला माझा श्वास थोडा मोकळा होत होता.

इतक्यात भिसेगावची माळवंवाली आली. डोक्यावर टोपली, त्यात वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, बोरं. भोगीला आमच्याकडे ती नेमानं यायची. सासूबाईंना वाटलं, हिला आमच्या वादातलं काही ठाऊक नाही, हिचं सांगणं खरं. त्यांनी विचारलं, "अगं, जरा बघ. हे लुगडं कुठल्या रंगाचं आहे?"

तिनं टोपली उतरवली, पदर सावरला आणि लुगड्याकडे नुसती नजर टाकली.

"काळं हाय की!"

जाऊबाई म्हणाल्या, "नीट बघ गं. निळसर नाही वाटत?"

"निळं? नाय गं बाय! आमची म्हस बी हिच्यापरीस उजळ हाय." आणि मग सगळ्यांचे चेहरे बघून ती गडबडली. "काय झालं गं? मी काय वंगाळ बोलली काय? शेंगा घेताव नं?"

शेंगा घेतल्या. तिचा काय दोष! तिला रंग विचारला, तिनं सांगितला. बायका एकेक करून निघाल्या, घरोघरी भाजीला फोडणी पडायची होती. सासूबाईंनी चंद्रकळेची घडी घातली आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "जाऊ दे. पुढच्या वर्षी करू."

जाऊबाई शेंगा निवडायला बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हातातली शेंग मोडली आणि म्हणाल्या, "माझ्या वेळीही हेच म्हणाला होतात."

एवढंच. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. पण या घरात आल्यापासून सासूबाईंना त्यांनी उलट बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. सासूबाई हातात लुगडं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग माजघरात गेल्या. त्या दिवशीची भोगीची भाजी सुरेख झाली होती, तीळ लावलेल्या भाकरीबरोबर सगळ्यांनी खाल्ली आणि कुणी कुणाशी बोललं नाही.

माझी आशा संपली होती. पण खरं सांगायचं तर त्या दुपारी मला माझं दुःख आठवेनासंच झालं. जाऊबाई इतक्या वर्षांत ते विसरल्या नव्हत्या, हेच डोक्यात घोळत होतं. त्या माझ्यासाठी का भांडत होत्या, ते मला आत्ता कळत होतं. माझी राहिली असती तर त्यांची दुसऱ्यांदा राहणार होती.

संक्रांतीला सकाळी सुगडं पुजली. कुंभाराकडची ती काळी मडकी, त्यांना दोरा गुंडाळून, हळदकुंकवाची बोटं ओढून, आत उसाचे करवे, बोरं, हरभरा, वाल, तीळ. मडकी काळी चालतात का, असा प्रश्न माझ्या मनात आला होता, पण मी तो मनातच ठेवला. नसता उजेड पाडायचा आणि सुगडंही जायची. सासूबाई सकाळपासून मुकाट्यानं कामात होत्या. थोरले दीर पहाटेच घाटात गेले होते.

तिसऱ्या प्रहरी बायका हळदीकुंकवाला आल्या. माजघर भरलं. पाट मांडलेला नव्हता, रांगोळी नव्हती. मी हिरवंच लुगडं नेसून तिळगुळाचं तबक धरून उभी होते. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, त्यामुळे सगळ्याजणी थंडीबद्दल बोलत होत्या.

सासूबाई म्हणाल्या, "जरा थांबा." आणि आत जाऊन चंद्रकळा घेऊन आल्या. सगळ्यांच्या देखत त्या दारात गेल्या, जिथे उतरतं ऊन येत होतं, तिथे त्यांनी लुगडं पुरं उलगडलं आणि बघत राहिल्या. खूप वेळ बघितलं. मग वळून म्हणाल्या, "निळी आहे."

वकीलीणबाईंना राहवलं नाही. "अहो, पण काल तर ती बाई..."

"काल उजेड कमी होता."

काल उन्हानं तुळशीचा कट्टा तापला होता. मी स्वतः त्याला हात लावून उभी होते. पण वकीलीणबाई म्हणाल्या, "हो, तसं काल जरा मळभच होतं." आणि बाकीच्यांनीही माना डोलावल्या. त्या सगळ्यांच्या त्या माना मी कधी विसरले नाही.

सासूबाई म्हणाल्या, "संक्रांतीला काही शंका असली तर तिनं मला येऊन विचारावं. मी आहे इथे." एवढ्यात लांब घाटाच्या बाजूला इंजिनाची शिट्टी झाली. त्यांनी कान दिला नाही असं दाखवलं, पण दिला. मग मला म्हणाल्या, "धाकटे, जा, नेसून ये. थोरले, तू पण."

जाऊबाईंना कळलंच नाही. त्या पाट आणायला उठल्या होत्या. "मी काय?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी दुसरं लुगडं पुढे केलं. त्यांची स्वतःची चंद्रकळा होती, त्यांच्या पहिल्या संक्रांतीची. इतकी वर्षं धुऊन तिचा काळा उडून ती खरोखरच निळसर झालेली. "ही तर निळीच आहे," त्या म्हणाल्या. "हिच्यात कुणी वाद काढणार नाही."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "पण हिची कसली आता पहिली? पोर झाली की चालतीबोलती."

"पहिलीच आहे," सासूबाई म्हणाल्या. "राहिली होती. माझ्याकडून राहिली."

जाऊबाई लुगडं घेऊन आत गेल्या त्या लवकर बाहेर येईनात. मी आत जाऊन बघितलं तर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, लुगडं छातीशी धरून. मी काही बोलले नाही. मला आयुष्यात क्वचितच सुचलेलं शहाणपण ते. मी त्यांच्या निऱ्या करून दिल्या. दागिने एकीचेच होते, ते आम्ही वाटून घेतले. जाऊबाई म्हणत होत्या, मला एक बांगडी बास. मी ऐकलं नाही. ठुशी मी त्यांच्याच गळ्यात बांधली, बांगड्या त्यांच्याच हातांत घातल्या. मंगळसूत्र, बिंदी आणि नथ मी घेतली. नथ मला फार शोभली, हे सांगितलंच पाहिजे.

दोन पाट शेजारी शेजारी मांडले. सासूबाईंनी आधी थोरलीला कुंकू लावलं, मग मला. बायकांनी ओट्या भरल्या, तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाल्या. वकीलीणबाईंनी जाऊबाईंच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं आणि त्या लाजल्या. चालतीबोलती लेक असलेली बाई लाजली! मी त्यांना तशी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या बोटांवरचे फोड हलव्याच्या बांगड्यांच्या खाली दिसत होते आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

हळदीकुंकू झालं की ते दागिने पोराटोरांत वाटून टाकायचे, अशी रीतच आहे. कुणी ठुशी खातं, कुणी बांगडी. माझी बिंदी आणि नथ बघता बघता पोरांच्या पोटात गेली, मंगळसूत्रावर दोन पोरांची झटापट झाली. मला काही वाटलं नाही, मीही त्यातला बराचसा हलवा खाल्ला. मग पुतणी आपल्या आईकडे गेली. तिनं हात पुढे करून आईच्या बांगडीचा एक दाणा धरला आणि ओढला.

जाऊबाईंनी हात मागे घेतला.

"हात नको लावू," त्या म्हणाल्या. "हे माझे आहेत."

पोर आ वासून बघत राहिली. आजवर आईनं तिला कशालाही नाही म्हटलं नव्हतं. मग तिनं भोकाड पसरलं. सासूबाईंनी तिला उचलून कडेवर घेतलं, वाटीतला सुटा हलवा तिच्या मुठीत दिला आणि तिला घेऊन बाहेर ओटीवर गेल्या. बायका उठल्या, सुगडं घेऊन आपापल्या घरी गेल्या. मी पाट उचलायला लागले तेव्हा जाऊबाई उठल्या नाहीत, म्हणून त्यांचा पाट मी तसाच राहू दिला. देवापाशी दिवा लावायची वेळ झाली तरी त्या तिथेच बसल्या होत्या, मांडीवर दोन्ही मनगटं ठेवून.